पाच बोल्ट, साडेपाच इंच

आज चाकांबद्दल बोलायचंय. जुन्या पिकअपला बसतील अशी चाकं शोधणं, एवढाच विषय. ऐकायला सोपा वाटतो. माप द्यायचं, चाक आणायचं, चार नट आवळायचे. इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, मग एक लोखंडी थाळी का मिळू नये? मिळते की. बसतेही. पण बसणं वेगळं आणि बरोबर बसणं वेगळं. या दोन्हींतला फरक गाडी उभी असताना दिसत नाही. गाडी भरलेली असताना, ताशी पन्नासच्या वेगात, वळणावर दिसतो.

माझं आजोळ तिरुनागेश्वरम्‌चं. तुमच्यापैकी ज्यांनी नवग्रहांची यात्रा केली असेल त्यांना गाव माहीत असेल. कुंभकोणम्‌हून कारैकलच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर. नागनाथस्वामीचं देऊळ, तिथे राहूचं स्थान, राहुकाळात दुधाचा अभिषेक. जवळच ओप्पिलिअप्पन, जिथला नैवेद्य बिनमिठाचा असतो. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्या काळात आलेली बरीच मराठी घरं त्या मुलखात अजून आहेत. त्यांतलंच एक मामांचं. मामांची मराठी ऐकली तर तुम्हाला आधी गंमत वाटेल, मग दोन वाक्यांनंतर सगळं कळायला लागेल.

मामांकडे एक पिकअप आहे. महिंद्राची जुनी जीप, लांब चॅसीची, आणि तिच्यावर मागे लाकूड-पत्र्याचा हौदा स्थानिक बॉडीवाल्याने बांधलेला. नोंदणी १९६८ सालची. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपची भारतीय बहीण. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच नकाशावर कित्येक वर्षं गाड्या काढल्या. मामांच्या या गाडीने केळीचे घड वाहिले, विड्याच्या पानांच्या टोपल्या वाहिल्या, भाताचं बियाणं वाहिलं. मेट्टूरचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सोडतात, तिथून कुरुवै भाताची धावपळ सुरू होते, आणि त्या दिवसांत ही गाडी अजूनही रोज बाहेर पडते. संग्रहातली गाडी नाही ती, कामाची गाडी आहे. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवा. कारण हौशी माणूस चाक मिळेपर्यंत गाडी झाकून ठेवतो. मामांना ती चैन नव्हती.

झालं असं. एका रविवारी संध्याकाळी, म्हणजे साडेचार ते सहा, ऐन राहुकाळ, देवळाबाहेर बसगाड्यांची रांग लागलेली. मामा कुंभकोणम्‌हून परत येत होते. मागच्या डाव्या बाजूने टक्‌-टक्‌ आवाज येऊ लागला. दुसरा कुणी असता तर घर गाठून बघू म्हणाला असता, घर दीड किलोमीटरवर होतं. मामांनी तिथेच गाडी बाजूला घेतली. उतरून बघतात तर पाचांपैकी दोन स्टड तुटलेले, एक नट गायब, उरलेले दोन नट बोटांनी फिरतायत. रस्त्यावर यात्रेकरू, फुलंवाल्या, शाळकरी पोरं. जीपचं चाक टायरसकट वीस-पंचवीस किलोचं असतं. सुटलं तर ते गाडीच्या पुढे पळतं आणि कुणाला लागेल त्याला थांबवत नाही.

मी पोचलो तेव्हा चाकं उतरवून ओसरीवर मांडलेली होती. मामा म्हणाले, "बघ रे, तू मशीनवरचा माणूस. भंगारात द्यायची असली तर तसं सांग, आतल्या आत ठेवू नकोस."

भंगारात द्यायचं की नाही हे चाकांनी ठरवायचं होतं, म्हणून आधी चाकंच वाचली. 'वाचली' हा शब्द मुद्दाम वापरतो. उतरवलेल्या चाकावर सगळा इतिहास असतो. डाव्या मागच्या डिस्कची भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी झाली होती. म्हणजे नट त्या दिवशी ढिले झाले नव्हते, बरेच दिवस ढिले होते, आणि चाक स्टडवर पुढेमागे घासत होतं. दुसऱ्या एका डिस्कवर एका भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ होती. तिसऱ्याची कड गंजून पत्र्यासारखी झालेली. आणि मग स्टड. जीपचा मूळ स्टड अर्धा इंच जाडीचा, इंचाला वीस आटे. डाव्या मागच्या हबवर तीन स्टड तसे होते आणि दोन वेगळे. व्हर्नियर लावला तर १२ मिलिमीटर. कुठल्यातरी गॅरेजने, कुठल्या ते मामांनाही नक्की आठवत नाही, पूर्वी कधीतरी तुटलेल्या स्टडच्या जागी १२ मिलिमीटरचे, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे स्टड ठोकले होते. नट मात्र जुनेच, अर्ध्या इंचाचे.

आता इथे जरा थांबतो, कारण सगळ्या भाषणातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. इंचाला वीस आटे म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.२७ मिलिमीटर. दुसरा स्टड १२ चा आणि अंतर १.२५. आट्यांतलं अंतर जवळजवळ सारखंच, जाडीत फक्त ०.७ चा फरक. त्यामुळे अर्ध्या इंचाचा नट १२ च्या स्टडवर आरामात चढतो. हाताने फिरवला तर छान फिरतो, पान्याने थोडा आवळलाही जातो. फक्त आटे एकमेकांत पूर्ण बसत नाहीत, टोकाला टोक टेकून राहतात. हिवाळ्यात स्वेटरची बटणं काजात अर्धवट अडकवल्यासारखं. उलट केलं, म्हणजे १२ चा नट अर्ध्या इंचाच्या स्टडवर चढवायला गेलात, तर चढतच नाही, चूक लगेच कळते. जी चूक लगेच कळते ती बरी.

आणि दुसरी गंमत. जुन्या विलीज जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, आणि साधा नट सुटतो तोही त्याच दिशेला. तेव्हा डावीकडे उलटे आटे द्यावेत, असा त्या काळच्या अभियंत्यांचा विचार. सायकलचं डावं पेडल आठवा, त्यालाही उलटे आटे असतात. पुढे लोकांना कळलं की शंकूच्या आकाराचा नट नीट, मोजून आवळला तर याची गरज नाही, आणि कंपन्यांनी ती पद्धत सोडली. पण मामांच्या गाडीला ती आहे. उलट्या आट्यांचा स्टड गावातल्या दुकानात मिळत नाही, म्हणून त्या अनाम गॅरेजवाल्याने मिळेल तो सुलट्या आट्यांचा ठोकला. एकाच चाकावर तीन नट एका दिशेने आवळायचे, दोन दुसऱ्या दिशेने. रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या पोराने काय समजायचं?

तर निष्कर्ष असा निघाला की चॅसी ठीक, हब ठीक, अॅक्सल ठीक. स्टड बदलायचे आणि पाच चाकं शोधायची, स्टेपनी धरून. गाडी वाचली.

आता माप. चाकाचं माप म्हटलं की लोक '१६ इंची' म्हणतात. ते टायरचं माप झालं. चाक हबवर बसतं की नाही हे चार गोष्टी ठरवतात, आणि पहिली म्हणजे बोल्टचं वर्तुळ. पाचही भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ कल्पा, त्याचा व्यास. जीपचा तो साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. सहा भोकांच्या चाकाला समोरासमोरची दोन भोकं मोजली की झालं. पाचांच्या चाकात समोर भोकच नसतं. इथे लोक फसतात. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत पट्टी लावतात, १३३ येतात, आणि सांगतात 'सव्वापाच इंच'. मग सव्वापाच शोधत फिरतात. पद्धत सोपी आहे. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७ ने गुणा. आमच्याकडे ८२ मिलिमीटर आलं, ८२ गुणिले १.७ म्हणजे १३९ च्या वर, झालं साडेपाच. मध्य सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच अंतर येतं. पण भोकं अंडाकृती झालेल्या डिस्कवर मोजू नका, हबच्या स्टडवर मोजा.

दुसरी गोष्ट मधलं मोठं भोक. चार चाकांवर चालणाऱ्या जीपचा पुढचा हब चाकातून बाहेर डोकावतो, त्याला १०८ मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. तिसरी, डिस्क रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे. चाक पालथं घालायचं, रिमवर आडवी पट्टी ठेवायची, तिथपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजायची, आणि जुन्या चाकाशी ताडून बघायची. दोन बोटं फरक पडला तर चाक आत पाट्यांना घासतं, नाहीतर बाहेर येऊन बेअरिंगवर भार टाकतं आणि स्टेअरिंग जड करतं. जीपचं मूळ चाक अरुंद असतं, साडेचार इंच रुंदीचं. आजकाल रुंद चाकांची हौस आहे, फोटोत छान दिसतात. मला विचाराल तर कामाच्या गाडीला रुंद चाक म्हणजे शेतावर जरीकाठी धोतर. चौथी गोष्ट नट टेकतो ती बैठक, शंकूची की सपाट की गोलसर. शंकूच्या नटाला शंकूचीच बैठक हवी.

एवढं माप कागदावर लिहून मामा आणि मी कुंभकोणम्‌च्या टायरवाल्याकडे गेलो. '६.००-१६' म्हटल्याबरोबर त्याने टायर आणून समोर ठेवला. नवाकोरा. मामा खूष. मी टायर फिरवून बघितला, तर त्यावर उभ्या तीन कडा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर. देशभरात ६.००-१६ सहज मिळतो तो ट्रॅक्टरमुळेच. पण त्याच्या बाजूवर वेगाचं अक्षर छापलेलं असतं, 'ए६' किंवा 'ए८'. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. त्यापुढे तो टायर बनवणाऱ्याची जबाबदारी संपते. कारैकल रस्त्यावर मामा चाळीसच्या आत राहणार नाहीत, आणि राहिले तर मागची बस राहू देणार नाही. जीपचा त्याच मापाचा टायर वेगळा मिळतो, मागून घ्यावा लागतो. घेताना बाजूवरचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पाच वर्षं पडून राहिलेला 'नवा' टायर नवा नसतो.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे जुनी गाडी अंगणात उभी असली की गावातला प्रत्येक माणूस अभियंता होतो, आणि तमिळनाडूत तर ही देणगी जरा जास्तच आहे. एकाने सांगितलं, स्वामिमलैला मूर्ती ओतणारे आहेत, पंचधातूचा नटराज ओततात, चाक ओतून देतील. स्वामिमलैचे कारागीर काहीही ओततील याबद्दल मला शंका नाही, पण जीपचं चाक ओतीव नसतं, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचं असतं. ते थोडं वाकतं, लवचिक राहतं, म्हणून खड्ड्यात फुटत नाही. दुसरा म्हणाला, तिरुवारूरचा रथ सुमारे तीनशे टनांचा, सजवला की शहाण्णव फूट उंच, त्याला तिरुचीच्या बी.एच.ई.एल.ने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले, तुमच्या टीचभर गाडीला चाक मिळू नये? बरोबर आहे. पण रथ वर्षातून एकदा, माणसाच्या चालीने, चार रस्त्यांवरून जातो. आणि त्याला वळवायला, थांबवायला अजून चाकाखाली लाकडाचे पाचर सरकवणारी माणसं लागतात. त्या पाचराला तमिळमध्ये मुट्टुकट्टै म्हणतात, आणि कामात खो घालणाऱ्या माणसालाही तोच शब्द. त्या पंधरवड्यात तो शब्द गावात मला उद्देशून बऱ्याचदा वापरला गेला.

सगळ्यात पटेल असा सल्ला होता सहा भोकांच्या चाकाचा. आजकालच्या बऱ्याच मोठ्या पिकअपना, टोयोटाच्या हायलक्सला वगैरे, सहा बोल्ट असतात आणि त्यांचं वर्तुळही नेमकं १३९.७ चंच. चाकं ढिगाने मिळतात. लेथवाला म्हणाला, "सहा आहेतच, मधे पाच पाडून देतो, दुपारपर्यंत." ऐकायला ठीक वाटतं, वर्तुळ तर एकच. पण कंपास घेऊन काढून बघा. सहा भोकं साठ-साठ अंशांवर, पाच भोकं बहात्तर-बहात्तर अंशांवर. पहिलं भोक एकावर एक येतं. दुसऱ्यापाशी साठ आणि बहात्तरमध्ये बारा अंशांचा फरक, म्हणजे त्या वर्तुळावर साडेचौदा मिलिमीटर. भोक स्वतःच जवळजवळ तेवढं रुंद. मग दोन भोकांमध्ये लोखंड राहतं किती? राहतच नाही, एक लांबोळकी खाच होते. समोरच्या बाजूला पुन्हा तसंच. पाचांपैकी दोन नट खाचेत बसणार. मी हे त्याच्याच दुकानाच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. त्याने बघितलं, मान हलवली, आणि चहा मागवला. भला माणूस. नंतर सगळ्यात जास्त मदत त्यानेच केली.

मधे लोखंडी चकती घालून पाचाचे सहा करणारे अडॅप्टर मिळतात, तेही नाकारले. चाक दोन बोटं बाहेर येतं, आणि सुटू शकणारे नट पाचाचे अकरा होतात.

तर मग पाच बोल्ट, साडेपाच इंच आहे कुणाकुणाला? इथे जरा नशीब लागतं, आणि जीपवाले नशीबवान आहेत. अमेरिकेत फोर्डच्या छोट्या पिकअपना १९४८ च्या एफ-१ पासून १९९६ च्या एफ-१५० पर्यंत हेच वर्तुळ होतं. तिथला जुन्या फोर्डचा मालक चाकासाठी रडत नाही. जुन्या शेव्हरोलेवाल्याला सहा भोकं, लँड रोव्हरवाल्याला पाच भोकं पण साडेसहा इंचांवर, त्यांचा शोध वेगळा. आपल्याकडे मारुतीची जिप्सी, १९८५ पासूनची, तिलाही पाच आणि १३९.७. कुठल्याही जीपवाल्या मंडळीत बसा, जिप्सीची चाकं लावलेली जीप दिसेलच. बसतात, मधलं भोकही जुळतं. पण जिप्सी हलकी गाडी, तिचं चाक १५ इंची आणि तिच्याच वजनापुरतं. रिकाम्या जीपवर फिरायला ठीक. केळीचे घड हौद्याच्या फळीपर्यंत भरून बांधावरून उतरणाऱ्या गाडीला मी ते लावणार नाही. शिवाय चार चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढेमागे वेगळ्या उंचीची चाकं लावली की सगळा ताण मधल्या गिअरपेटीत साठतो. लावायची तर पाचही सारखी.

उरल्या महिंद्राच्याच नंतरच्या जीपा, ५४० सारख्या. तेच वर्तुळ, तीच १६ इंची अरुंद रिम, आणि वजन वाहायला केलेली. म्हणजे शोध भंगारातच.

चेन्नईला पुदुपेट्टै म्हणून भाग आहे, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. मुंबईकरांनी कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड डोळ्यांसमोर आणावा, दिल्लीकरांनी मायापुरी. चाकं बनवणारा मोठा कारखाना, व्हील्स इंडिया, त्याच शहरात पाडीला आहे, १९६० सालचा. पण असा कारखाना हजारांनी चाकं काढतो, आपल्या पाचांसाठी साचा चढवत नाही. तेव्हा पुदुपेट्टै. तिथे मला एका दिवसात पंधरा चाकं दाखवली गेली. सगळ्यांवर ताजा काळा रंग. ताज्या रंगाचं चाक दिसलं की मी खिशातून सँडपेपर काढतो. दुकानदार रागावला तर चाक सोडून द्यायचं.

तपासायची रीत सांगतो, ती घरीही करता येते. भोकांभोवतीचा आणि डिस्क-रिम जोडावरचा रंग घासून काढा. तिथे रॉकेल लावा, नसेल तर डिझेल. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. यंत्र नको, वीज नको. त्या पंधरांपैकी चार चाकांवर रेघ उमटली, त्यांतलं एक दुकानातलं सगळ्यात देखणं होतं. काहींची भोकं लांबोळकी, काहींच्या कडा वाकून परत ठोकलेल्या. शेवटी हाती लागली तीन.

चौथं आणि पाचवं चाक मिळालं ते मात्र कुठल्या बाजारात नाही. लेथवाल्याने मन्नारगुडीकडच्या एका शेतकऱ्याचा पत्ता दिला. त्याच्याकडे पाणी उपसायचं डिझेल इंजिन ज्या गाड्यावर बसवलंय, त्या गाड्याला जीपची चाकं आहेत. गेलो तर खरंच, दोन चाकं, कधीही पन्नासच्या वेगाने न फिरलेली, भोकं गोलच्या गोल. आपल्याकडे महाराष्ट्रातही बघा, बैलाच्या टायरगाडीखाली, मळणीयंत्राखाली, ऊसाच्या रसाच्या गुऱ्हाळाच्या गाड्याखाली काय काय चाकं असतात. लोक जुन्या गाड्यांचे भाग गाड्यांत शोधतात. ते शेतात असतात. त्या शेतकऱ्याला आम्ही बदल्यात ट्रॅक्टरची दोन चाकं आणि तो कुंभकोणम्‌चा नवा तीन कडांचा टायर धरून दोन टायर दिले. त्याच्या गाड्याला तेच योग्य होतं.

उलट्या आट्यांचे स्टड दिल्लीहून आले. कश्मीरी गेटच्या बाजारात विलीजचे सुटे भाग अजून मिळतात, आपल्याकडून परदेशातही जातात. डाव्या बाजूचे दहा, प्रत्येकाच्या टोकावर 'एल' अक्षर कोरलेलं. लेथवर स्थानिक पातळीवर ते कातून घेता आले असते, आटेही सुंदर पाडले असते त्याने. पण साध्या सळईचा स्टड आणि उष्णता देऊन कडक केलेला स्टड दिसायला जुळे भाऊ असतात. हे मी लेथवाल्याला सांगायच्या आधी त्यानेच मला सांगितलं. एक बारकावा: जुन्या जीपचा स्टड ब्रेकच्या ड्रमला हबशी पकडून मागून फुगवलेला असतो. तो तसाच ठोकून काढला तर हबचं भोक फाटतं. आधी फुगवटा कापायचा, मग दाबून काढायचा. आम्ही वीसही स्टड बदलले, चांगले दिसणारेही.

कायद्याचं एक सांगून टाकतो, कारण हा प्रश्न येतोच. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं. लोक मामांना म्हणाले, घ्या की. पण त्या व्याख्येत दुचाक्या आहेत आणि प्रवासी चारचाकी आहेत, त्याही खासगी, बिनव्यापारी वापराच्या. माल वाहणारी गाडी त्यात बसत नाही. राजाची रोल्स रॉइस वारसा, आणि ज्या गाडीने तीन पिढ्यांचं भात वाहिलं ती नुसती जुनी. मला हे पटत नाही, पण मामांना त्याचं काही वाटलं नाही. "मला त्या पाटीने रोज गाडी कुठे चालवू देणार होते?" म्हणाले. खरंच आहे, त्या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही.

बसवताना तीन गोष्टी केल्या. चाकं रंगवली, पण हबला टेकणारा भाग आणि नटाच्या बैठका कोऱ्या ठेवल्या. तिथे रंगाचा थर राहिला तर तो चार दिवसांत दबतो आणि आवळलेला नट आपोआप ढिला होतो. प्रत्येक चाक हबवर फिरवून रिमजवळ खडू धरला. खडू सगळीकडे सारखा टेकला तर चाक सरळ, एकाच जागी टेकला तर वाकडं. आणि नट चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक, मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्याने आवळले. पायाने पान्यावर उभं राहणं ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे, तिने स्टड ताणले जातात. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, दोन नट किंचित फिरले. शंभरनंतर एकही नाही. मामांनी प्रत्येक नटावरून स्टडवर जाणारी पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढलीय. रोज सकाळी गाडी काढण्याआधी चारी बाजूंनी फेरी मारतात, रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

राहिली स्टेपनी. चाक दोन्ही बाजूंना चालतं, नट चालत नाहीत. म्हणून सीटखालच्या पेटीत जादा नटांच्या दोन पिशव्या आहेत, लाल कापडाची डावीकडची, पांढरी उजवीकडची. आणि पेटीच्या झाकणावर मामांनी तमिळमध्ये आणि मराठीत लिहून ठेवलंय की डावीकडचे नट सोडवताना पाना घट्ट करायच्या दिशेने फिरवावा. पंक्चरवाला नवा असेल तर मामा आधी त्याला झाकण वाचायला लावतात, मग जॅक देतात.